गोगलगायी आणि स्लग: मारण्याआधी त्यांची दिवसाची जागा शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाफ्यात आणि कुंड्यांत लावलेली कोवळी रोपं एका रात्रीत फस्त होतात. सकाळी पानांवर भोकं आणि मातीवर चकाकणारे वाळलेले पट्टे दिसतात. तुम्ही मीठ टाकून पाहिलंत, अंड्यांची टरफलं पसरलीत, कुंड्यांना तांब्याची पट्टी लावलीत, हाताला लागल्या तेवढ्या गोगलगायी उचलून कुंपणापलीकडे फेकल्यात. दोन दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. आता निळ्या गोळ्या टाकून त्यांचा समूळ नायनाट करावा असं वाटतंय, पण घरात लहान मूल आहे आणि कुत्राही आहे.

मी रोपवाटिका सांभाळते आणि लोकांच्या बागांची देखभालही करते, त्यामुळे ओल्या दिवसांत हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. प्रत्येक वेळी मला पहिली गोष्ट हीच सांगावी लागते की ‘समूळ नायनाट’ हे उद्दिष्टच सोडून द्या. मी हे निराशेने सांगत नाही. या प्राण्याची घडणच तशी आहे. बहुतेक जातींत प्रत्येक गोगलगाय नर आणि मादी दोन्ही असते, म्हणजे बागेतली प्रत्येक प्रौढ गोगलगाय अंडी घालू शकते. अनेक जाती एकदा मीलन झालं की जोडीदाराचे शुक्राणू कित्येक महिने शरीरात साठवून ठेवतात. मोठी आफ्रिकन गोगलगाय एका वेळी शंभर-दोनशे अंडी सहज घालते, कधी त्याहूनही जास्त, आणि हे वर्षातून अनेकदा. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या मायामी शहरात एका मुलाने हवाईहून येताना अशा तीन गोगलगायी आणल्या आणि पुढे त्या बागेत सोडल्या गेल्या. त्यांचं निर्मूलन करायला १९७५ साल उजाडलं, १८,००० हून अधिक गोगलगायी वेचाव्या लागल्या आणि खर्च दहा लाख डॉलरच्या घरात गेला. हे सगळं सरकारी यंत्रणा हाताशी असताना. तुमच्या बागेला भिंत असो वा कुंपण, शेजारच्या ओल्या कोपऱ्यातून त्या येतच राहणार.

म्हणून खरा प्रश्न वेगळा आहे. रोपं कोवळी असतात ते तीन-चार आठवडे निभावायचे कसे, आणि गोगलगायींची संख्या आवाक्यात ठेवायची कशी? रोप गुडघ्याएवढं झालं, खोड जून झालं की चार पानं खाल्ली गेली तरी त्याचं काही बिघडत नाही. दोन पानांचं रोप मात्र एका रात्रीत संपतं. सगळा जोर तिथे लावायचा. शिवाय बागेतली प्रत्येक गोगलगाय काही तुमच्या रोपांच्या मुळावर उठलेली नसते. कुजलेली पानं, मेलेली मुळं, शेवाळ खाऊन जगणाऱ्या कितीतरी जाती आहेत. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या बागकामाच्या संस्थेने २०२२ मध्ये गोगलगायी आणि स्लग (म्हणजे बिनशंखाच्या गोगलगायी) यांना सरसकट ‘कीड’ म्हणणं थांबवलं. त्यांच्या सांगण्यानुसार तिथल्या ४४ स्लग जातींपैकी फक्त नऊ बागेला त्रास देतात. प्रमाण जागेनुसार बदलेल, पण मुद्दा सगळीकडे लागू आहे.

पुढे जाण्याआधी गुन्हेगार नक्की गोगलगायच आहे ना, ते तपासा. तुम्ही चकाकणारे पट्टे पाहिलेत, म्हणजे संशय योग्य आहे, पण त्याच वाफ्यात अळ्याही असू शकतात. पानांवर किंवा पानांखाली बारीक काळपट लेंड्या दिसल्या तर ते काम अळीचं. रोप जमिनीलगत कापून आडवं पडलं असेल आणि पट्टा कुठेच नसेल तर बुंध्याजवळची माती बोटभर उकरून पाहा. कुरतडणारी अळी बहुतेक वेळा तिथेच अंगाचं वेटोळं करून बसलेली सापडते. तिच्यावर गोगलगायीच्या गोळ्यांचा काही उपयोग नाही. याउलट पाऊस पडला की चिकट पट्टे धुऊन जातात, म्हणजे पट्टा दिसला नाही म्हणून गोगलगाय नाही असंही नाही. सगळ्यात खात्रीचा पुरावा म्हणजे अंधार पडल्यावर तासा-दोन तासांनी बॅटरी घेऊन वाफ्यापाशी जाणं. जी काही खाणारी असेल ती तेव्हा ताटावरच असते.

आता मुख्य गोष्ट. गोगलगाय रात्री खाते हे सगळ्यांना माहीत असतं, पण ती दिवसा कुठे असते हे फारसं कुणी शोधत नाही. तिचं शरीर बहुतांशी पाणीच असतं आणि चालायला लागणारा चिकट स्राव तयार करण्यात ते सतत खर्च होतं. शंखवाली निदान शंखात शिरून तोंड बंद करू शकते. स्लगला तर तेवढाही आडोसा नाही. ऊन लागलं, वारा लागला की ती सुकते. म्हणून प्रत्येकीला दिवसभरासाठी ओली, अंधारी, वारा न लागणारी जागा लागतेच, आणि ती सहसा जेवणाच्या जागेपासून फार लांब नसते. ती जागा सापडली की निम्मं काम झालं.

उद्या सकाळी एक कुंडी उचलून आडवी करा. तळाच्या भोकात बोट घालण्याआधी नीट बघा. राखाडी किंवा तपकिरी, बोटाच्या पेरापेक्षाही लहान स्लग भोकाच्या आतल्या कडेला अंग चोरून चिकटलेली असते. चटकन ओला मातीचा गोळाच वाटावा अशी. मग कुंडीच्या वरच्या कडेखाली, जिथे बाहेरच्या बाजूने पन्हळीसारखी खाच असते, तिथे बोट फिरवा (हातमोजा घालून, कारण पुढे सांगते). शंखवाल्या तिथे ओळीने बसतात. कोरडे दिवस असतील तर शंखाच्या तोंडावर कागदासारखा पातळ पांढुरका पडदा दिसेल. ती मेलेली नसते, दार लावून बसलेली असते, आणि पहिल्या चांगल्या ओलीला बाहेर येते. कुंडीखालची बशी, पाण्याच्या नळाभोवतीच्या विटा, टेकवून ठेवलेली फळी, रिकाम्या पिशव्यांचा ढीग, जमिनीवर लोळणारी जुनी पानं, भिंत आणि वाफा यांच्यामधलं दाट गवत, हे सगळं असंच तपासा. कुंडीच्या कडेची माती दोन-तीन सेंटिमीटर हलवली की भिजवलेल्या साबुदाण्यासारखी पांढरट अंड्यांची पुंजकी सापडतील. ती गोळा करून चिरडा किंवा कडक उन्हात पसरून वाळवा. एक पुंजका म्हणजे दोन महिन्यांनंतरच्या कितीतरी रात्रींचं नुकसान वाचलं.

या जागा काढून टाकणं हा सगळ्यात टिकाऊ उपाय आहे आणि तो फुकट आहे. कुंड्या विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवा म्हणजे खालून वारा खेळेल. बशा काढा. कडेचं गवत हातभर मागे घ्या. मात्र इथे परिस्थितीप्रमाणे तारतम्य लागतं, विशेषतः आच्छादनाच्या बाबतीत. पालापाचोळ्याचं आच्छादन मातीसाठी उत्तम असतं आणि ते कायमचं काढा असं मी कधीच सांगणार नाही. पण नवीन रोपं लावताना त्यांच्याभोवती वीतभर जागा उघडी ठेवा आणि रोपं सावरली की आच्छादन परत जवळ सरकवा. तुमच्याकडे हवा फार कोरडी असेल, पाणी मोजकंच असेल, तर ही उघडी जागा कमी ठेवावी लागेल आणि रात्रीची राखण वाढवावी लागेल.

पाणी घालण्याच्या वेळेकडे लोक दुर्लक्ष करतात. संध्याकाळी पाणी घातलं की आपण गोगलगायींना अख्खी रात्र ओली वाट करून देतो. तेच पाणी पहाटे किंवा सकाळी घातलं तर संध्याकाळपर्यंत मातीचा वरचा थर कोरडा होतो आणि त्यांना रोपापर्यंत पोचणं जड जातं. माझ्याकडे एखादी नवी बाग देखभालीसाठी आली की पहिल्या दिवशी मी हा एकच बदल करते आणि आठवडाभर बाकी कशाला हात लावत नाही. बऱ्याच ठिकाणी नुकसान डोळ्यांना दिसेल इतकं कमी होतं. शक्य असेल तर सगळा वाफा भिजवण्याऐवजी पाणी थेट बुंध्याशी द्या. सलग पाऊस असेल तर अर्थातच याचा उपयोग नाही. तेव्हा वेचणी आणि अडथळे यांवरच भिस्त ठेवावी लागते.

वेचणीबद्दल. तुम्ही उचलून फेकता ते बरोबर आहे, पण कुंपणापलीकडे फेकून उपयोग नाही, कारण त्या परत येतात. हा नुसता बागकाम करणाऱ्यांचा समज नाही. २०१० मध्ये बीबीसीच्या हौशी शास्त्रज्ञांच्या स्पर्धेत रूथ ब्रुक्स यांनी एक्सेटर विद्यापीठातल्या डेव्ह हॉजसन यांच्या मदतीने शंखांवर रंगाच्या खुणा करून हे तपासलं आणि गोगलगायींना घरची ओढ असते हे दाखवलं. त्या कामातून पुढे आलेला सल्ला असा की सोडायच्या असतील तर निदान वीस मीटरच्या पुढे सोडा. आणि मोठ्या आफ्रिकन गोगलगायीसारखी परकी, नुकसानकारक जात असेल तर ती कुठेही सोडू नये. आपला त्रास दुसऱ्याच्या शेतात नेऊन टाकल्यासारखं होतं. मी बादलीत साबणाचं दाट पाणी ठेवते आणि वेचलेल्या गोगलगायी त्यात टाकते, रात्रभर झाकून. दुसऱ्या दिवशी खोल खड्ड्यात पुरते. बादली उघडी ठेवली तर त्या काठावरून चढून बाहेर येतात.

वेचायची वेळ दोनदा साधता येते. रात्री बॅटरी घेऊन, किंवा पहाटे, उन्हं येण्याआधी. पाऊस पडून गेलेली उबदार रात्र सर्वांत उत्तम. पहिला आठवडा सलग वेचा, रोज आकडा कमी होताना दिसेल. मग थांबू नका. अंडी ऊबेत साधारण दोन ते चार आठवड्यांत फुटतात, थंडीत बरीच जास्त वेळ घेतात. म्हणजे मोठ्या सगळ्या वेचल्या तरी तीन आठवड्यांनी बारीक पिल्लांची नवी फळी येणारच. ती पिल्लं मोठी होऊन अंडी घालण्याआधी वेचली तर साखळी तुटते. लोक नेमके इथे कंटाळतात आणि ‘वेचून काही होत नाही’ असं म्हणतात.

आता हातमोज्यांचं कारण. गोगलगायी आणि स्लग उंदरांच्या फुप्फुसात राहणाऱ्या एका कृमीचे वाहक असू शकतात. हा कृमी माणसाच्या पोटात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. असं क्वचित होतं, पण झालं तर गंभीर असतं. म्हणून उघड्या हाताने धरू नका, चिमटा किंवा मोजे वापरा, नंतर हात साबणाने धुवा. मूल शंख खेळायला उचलणार नाही आणि कुत्रा त्या चघळणार नाही इकडे लक्ष ठेवा. बागेतल्या पालेभाज्या पान न् पान उलगडून वाहत्या पाण्याखाली धुवा, कारण बारीक स्लग पानाच्या देठापाशी दुमडीत बसते आणि सहज नजरेतून सुटते. शक्य असेल तिथे शिजवूनच खा.

तुम्ही करून पाहिलेल्या घरगुती उपायांकडे वळते. मिठाने गोगलगाय मरते यात शंका नाही, मीठ तिच्या अंगातलं पाणी ओढून घेतं. पण तेच मीठ मातीत राहतं, विशेषतः कुंडीत, आणि मुळांनाही पाणी घेऊ देत नाही. गोगलगायीने खाल्लेलं रोप कदाचित पुन्हा फुटेल, मिठाने जळलेलं मूळ नाही फुटत. मीठ आजपासून बंद करा. ज्या कुंड्यांत जास्त पडलं असेल त्यांना दोन-तीनदा भरपूर पाणी घालून ते तळातून वाहून जाऊ द्या, किंवा वरची माती बदला.

अंड्याच्या टरफलांनी तिचं अंग कापलं जाईल अशी कल्पना असते. ती स्वतःच्या स्रावाच्या थरावरून सरकते, आणि हा स्राव दाब पडला की पातळ होतो, दाब गेला की घट्ट. धारदार पात्यावरूनही ती इजा न होता जाऊ शकते, टरफलांचं काय घेऊन बसलात. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ मध्ये लेट्यूसच्या १०८ रोपांवर तांब्याची पट्टी, खडी, पाइनच्या सालीचं आच्छादन, लोकरीच्या गोळ्या आणि अंड्याची टरफलं अशा पाच अडथळ्यांची चाचणी घेतली. काहीच न लावलेल्या रोपांपेक्षा ही रोपं कमी खाल्ली गेली असं दिसलं नाही. तांब्याच्या पट्टीबद्दल माझा अनुभवही फार वेगळा नाही. पट्टी स्वच्छ आणि रुंद असेल तर काही गोगलगायी तिथून वळताना मी पाहिल्या आहेत, पण एखादं पान भिंतीला टेकलं की त्यांना पूल मिळतो, आणि कुंडीच्या मातीत आधीच असलेल्या स्लगला पट्टी काय अडवणार? लावली आहे तर राहू द्या, नवीन विकत घेऊ नका. मोरचुदाचं पाणी ओतायचा सल्ला कुणी दिला तर तो मात्र मानू नका. तांबं मातीत साठत जातं आणि गांडुळांना घातक ठरतं.

लाकडाची राख, कोरडा भुसा किंवा चुन्याची भुकटी यांचं तत्त्व वेगळं आहे. ती चिकट स्राव शोषून घेतात, गोगलगायीला पुढे सरकण्यासाठी आणखी स्राव काढावा लागतो आणि ती मागे फिरते. कोरड्या रात्री राखेची बोटभर जाड कड खरोखर काम करते. दव पडलं की ती निकामी होते, म्हणजे नेमकी ज्या रात्री गोगलगायी सर्वांत जास्त फिरतात त्याच रात्री. शिवाय राख आणि चुना मातीचा आम्लपणा कमी करतात, त्यामुळे बुंध्याशी ढीग घालू नका. कॉफीबद्दलही विचारलं जातं. २००२ मध्ये हवाईतल्या संशोधकांनी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत लिहिलं होतं की एक-दोन टक्के कॅफीनच्या द्रावणाने गोगलगायी आणि स्लग मरतात. हे खरं आहे, पण पेल्यातल्या कॉफीत कॅफीन त्याच्या कितीतरी पट कमी असतं. एवढं तीव्र द्रावण कोवळ्या पानांना जाळूही शकतं. चोथा खतात घाला, गोगलगायींसाठी त्याची आशा ठेवू नका.

सापळे मात्र कामाचे आहेत. सर्वांत साधा सापळा म्हणजे तिला हवी तशी दिवसाची जागा आपणच बनवून देणं. ओलं गोणपाट किंवा एखादी फळी, खाली इंचभर फट राहील अशी, वाफ्याच्या कडेला संध्याकाळी ठेवा. जवळ कलिंगडाची किंवा संत्र्याची साल उलटी घातली तर आणखी येतात. सकाळी उचला, खालच्या गोळा करा. हे रोज उचललं तरच सापळा, नाहीतर आपण त्यांना घर बांधून दिलं असं होतं. आंबण्याच्या वासाकडेही त्या ओढल्या जातात. बिअरचा सापळा यामुळेच चालतो, पण बिअरच हवी असं नाही. पीठ, पाणी आणि यीस्ट कालवून आंबवलेलं पातळसर पीठही तेच काम करतं. उथळ डबा मातीत पुरताना त्याची कड जमिनीच्या दोन सेंटिमीटर वर राहू द्या, नाहीतर गोगलगायी खाणारे भुंगेरे त्यात बुडून मरतात. वास फार लांब पोचत नाही, म्हणून मोठ्या वाफ्याला एक डबा पुरत नाही. डबा नाजूक रोपांना चिकटून ठेवू नका. वासाने आलेल्या सगळ्याच आत पडत नाहीत, काही वाटेतलं रोप खाऊन परत जातात.

रोपांचं थेट संरक्षण करायचं तर प्लॅस्टिकच्या बाटलीचा वर-खालचा भाग कापून केलेलं नळकांडं मला सर्वांत भरवशाचं वाटतं. रोपाभोवती ते दोन-तीन सेंटिमीटर मातीत दाबून बसवायचं. त्याआधी आतली माती हलवून बघायची, नाहीतर स्लग आत आणि रोपही आत अशी गत होते. त्याहून चांगलं म्हणजे रोपं वाफ्यात पेरूच नका. ट्रेमध्ये पेरा, ट्रे टेबलावर ठेवा, टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत. रोपाला पाच-सहा पक्की पानं आली की मग वाफ्यात लावा. झेंडू, कोबी, लेट्यूस, डेलिया, तुळशीच्या जातीची रोपं या सगळ्यांना हे आठ-दहा दिवस उशिरा लावणं फार उपयोगी पडतं. वाफ्याच्या कडेला रोझमेरी, लॅव्हेंडर, नेची यांसारखी त्यांना फारशी न आवडणारी झाडं लावता येतील, पण त्या वासाने गोगलगायी पळतात असं नाही. ती झाडं खाल्ली जात नाहीत, एवढंच.

आणि आता गोळ्या. इथे दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच रंगाच्या आणि एकाच आकाराच्या दाण्यांत मिळतात, त्यामुळे पाकिटावरचं नाव वाचल्याशिवाय हात लावू नका. मेटाल्डिहाइड असलेले दाणे गोगलगायीच्या स्रावाच्या पेशी निकामी करतात, ती भराभर पाणी गमावून मरते. परिणाम लवकर आणि डोळ्यांसमोर दिसतो म्हणून ते लोकप्रिय आहेत. पण हवा ओली असेल तर अर्धमेल्या गोगलगायी पाणी शोषून पुन्हा उठतात. आणि कुत्र्यांसाठी हे विष आहे. दाणे धान्याच्या पिठाचे असतात, कुत्र्याला ते खाणंच वाटतं. काही तासांत, कधी त्याहूनही लवकर, थरथर, लाळ, झटके, अंगात प्रचंड ताप असं होतं आणि त्यावर नेमका उतारा नाही. ब्रिटनमध्ये १ एप्रिल २०२२ पासून त्याच्या बाहेरील वापरावर बंदी आहे. इतर देशांत नियम वेगळे आहेत, काही ठिकाणी ते सहज मिळतात. तुमच्या घरी मूल आणि कुत्रा दोन्ही आहेत, म्हणून माझं उत्तर स्पष्ट ‘नको’ असं आहे. आधीच टाकले असतील तर वेचून काढा. कुत्र्याने खाल्ल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता पाकीट बरोबर घेऊन पशुवैद्याकडे जा. घरच्या घरी उलटी करवू नका.

आयर्न फॉस्फेट किंवा फेरिक फॉस्फेट लिहिलेले दाणे हा त्याला पर्याय आहे. ते खाल्ल्यावर गोगलगाय खाणं सोडते, आडोशाला जाते आणि तीन ते सहा दिवसांत मरते. मेलेल्या दिसत नाहीत म्हणून लोकांना वाटतं की औषध चाललंच नाही, आणि ते दुप्पट टाकतात. तसं करू नका. नुकसान थांबलं की नाही एवढंच बघा. हे दाणे बरेच सौम्य असले तरी निरुपद्रवी नाहीत. त्यात लोह शरीरात शोषलं जावं म्हणून आणखी रसायनं घातलेली असतात आणि पाकीटभर दाणे कुत्र्याने खाल्ले तर त्रास होऊ शकतो. पाकीट कुलपात ठेवा. दाणे ढीग न करता विरळ शिंपडा, एक इथे एक तिथे, पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणातच. संध्याकाळी टाका, आणि शक्यतो रोपाच्या अगदी बुंध्याशी न टाकता लपायच्या जागा आणि रोपं यांच्यामधल्या पट्ट्यात, म्हणजे जेवायला निघालेल्या गोगलगायीला आधी तेच भेटतील. जागा साफ न करता, पाण्याची वेळ न बदलता फक्त दाणे टाकले तर ते दर पंधरवड्याला टाकत बसावं लागतं.

मातीत सोडायचे परजीवी सूत्रकृमी, म्हणजे धाग्यासारखे अतिसूक्ष्म जंत, हाही चांगला उपाय आहे, जिथे मिळतात तिथे. फास्मारॅबडायटिस हर्माफ्रोडिटा नावाची जात स्लगच्या शरीरात शिरून तिला मारते. माती ओली आणि पाच अंशांपेक्षा उबदार हवी. मोठ्या शंखवाल्यांवर मात्र तिचा फारसा प्रभाव पडत नाही, तेव्हा तुमच्या बागेत कोण जास्त आहे हे रात्री बघून मगच पैसे घाला.

बेडूक, सरडे, पक्षी, भुंगेरे आणि काजव्यांच्या अळ्या गोगलगायी खातात. काजव्याची अळी तर स्वतःपेक्षा मोठ्या गोगलगायीला चावून सुन्न करते आणि मग खाते. रात्रभर दिवे चालू असलेल्या, कीटकनाशक फवारलेल्या बागेत हे कुणी टिकत नाहीत. एक उथळ पाण्याची जागा, एक न आवरलेला कोपरा (नाजूक वाफ्यापासून लांब) आणि रात्री दिवे बंद, एवढ्याने हे हळूहळू येतात. बाहेरून आणून मात्र काही सोडू नका. हवाईत १९५५ मध्ये मोठ्या आफ्रिकन गोगलगायीवर उतारा म्हणून शिकारी ‘रोझी वुल्फ’ गोगलगाय आणली गेली. ती स्थानिक गोगलगायींवर तुटून पडली. फ्रेंच पॉलिनेशियात तिच्यामुळे पार्टुला गोगलगायींच्या कितीतरी जाती निसर्गातून नाहीशा झाल्या.

तुमच्या बाबतीत मी क्रम असा ठेवेन. या आठवड्यात कुंड्या उचलून साफसफाई, अंडी काढणं, सकाळचं पाणी आणि रोज रात्रीची वेचणी. संध्याकाळी गोणपाटाचा सापळा, तो सकाळी उचलायचा. त्यानंतरही रोज दहा-वीस सापडत असतील तरच फेरिक फॉस्फेट, तेही एकदा. तीन आठवड्यांनी पिल्लांसाठी पुन्हा वेचणी. कुंड्यांत फरक लवकर दिसेल. जमिनीवरच्या वाफ्यात एक अख्खा हंगाम जाईल, आणि शेजारी पडीक ओलं रान असेल तर कडेचा पट्टा कायमच राखावा लागेल.

नवीन रोपं लगेच लावू नका. वाफा तयार करून दोन रात्री नुसतं ओलं गोणपाट अंथरून ठेवा आणि सकाळी त्याखाली किती सापडतात ते मोजा. एक-दोन असतील तर त्याच संध्याकाळी रोपं लावा, नळकांड्यांसकट. हाताच्या बोटांवर मोजता येणार नाहीत इतक्या असतील तर आणखी आठवडाभर थांबा, रोज वेचा, आणि रोपं तोवर टेबलावरच मोठी होऊ द्या.